तबकडी आणि पडदा : प्रस्तावना

६ ऑक्टोबर १९२७ रोजी न्यूयॉर्क शहरात वॉर्नर बंधूंचा ‘द जॅझ सिंगर’ हा बोलपट प्रथम दाखविण्यात आला, तेव्हा त्यातील नटाचा आवाज चित्रफितीवर नव्हता. तो तबकडीवर होता. प्रक्षेपणयंत्राला जोडलेल्या फिरत्या थाळीवर १६ इंची तबकडी चढवावयाची, तिच्या आतल्या कडेला असलेल्या बाणाच्या खुणेवर सुई अचूक टेकवावयाची, फितीवरील आरंभाची चौकट भिंगासमोर आणावयाची, आणि मग दोन्ही यंत्रे एकदम चालू करावयाची, असा तो विधी होता. तबकडी आतून बाहेर वाजे, मिनिटाला ३३⅓ फेरे घेई, आणि सुमारे ११ मिनिटांनी फितीचे एक रीळ संपता संपता तीही संपे. मध्येच फीत तुटली तर तुटका भाग छाटून टोके सांधल्याने भागत नसे. जितक्या चौकटी गमावल्या तितक्याच काळ्या चौकटी मध्ये जोडाव्या लागत, नाही तर उरलेले रीळभर नटाचे ओठ एक बोलत आणि त्याचा आवाज दुसरेच काही. वीसएक खेळ झाले की ती तबकडी बाद समजावी असा नियम होता, आणि झालेल्या प्रत्येक खेळाची खूण तिच्या लेबलावर करावी लागे. पुढे १९४८ साली कोलंबिया कंपनीने घरोघरच्या रसिकांसाठी लाँगप्ले तबकडी बाजारात आणली ती ह्याच ३३⅓ फेऱ्यांची. म्हणजे आज ज्या गतीने आपण जॅझच्या जुन्या तबकड्या ऐकतो, ती गती चित्रपटगृहाच्या माडीवरील अंधाऱ्या खोलीतून आलेली आहे.

त्या बोलपटाच्या नावात जॅझ आहे. प्रत्यक्ष बोलपटात मात्र ते शोधून काढावे लागते. ॲल जॉल्सन हा त्यातील गायकनट तोंडाला काजळी फासून कृष्णवर्णीयाचे सोंग आणतो, आणि ज्यांच्या प्रेतयात्रांतून, नाचघरांतून व वस्त्यांतून हे संगीत न्यू ऑर्लीन्स शहरी आकारास आले त्यांना त्या कथेत स्थान नाही. तबकडी आणि पडदा ही दोन यंत्रे एकाच आसावर फिरू लागली, त्याच सुमारास आवाज एकाचा आणि तोंड दुसऱ्याचे हा प्रघातही रूढ झाला. प्रस्तुत संग्रहातील लेख ह्या प्रघाताच्या अनुरोधाने लिहिलेले आहेत. प्रत्येक तबकडीला व प्रत्येक चित्रपटाला त्यांत एकच प्रश्न विचारलेला आहे, आणि तो म्हणजे, हे वाजवतो आहे कोण? लेखक वादक नाही आणि संगीतशास्त्राचा पंडित तर त्याहून नाही. तेव्हा स्वरसंगतींच्या कोष्टकांची अपेक्षा येथे कोणी ठेवू नये.

जॅझची पहिली तबकडी व्हिक्टर कंपनीने २६ फेब्रुवारी १९१७ रोजी मुद्रित केली, आणि तीही ‘ओरिजिनल डिक्सिलँड जॅझ बँड’ ह्या गोऱ्या वादकांच्या ताफ्याची. तीत वाद्यांतून घोड्याचे खिंकाळणे व कोंबड्याचे आरवणे काढून दाखविण्याची करामत आहे. ती ऐतिहासिक आहे हे खरे, पण दुसऱ्यांदा ऐकवत नाही. तिचे खरे महत्त्व तिने घालून दिलेल्या मुदतीत आहे. १० इंची, ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मावत, आणि नाचघरात रात्रभर चालणारे वादन ह्या मुदतीत बसविण्याची जी सक्ती वादकांवर झाली तिच्यातून एक विलक्षण काटकसर उपजली. लुई आर्मस्ट्राँगने २८ जून १९२८ रोजी शिकागो येथे मुद्रित केलेली ‘वेस्ट एंड ब्लूज’ ऐकावी. आरंभी कोणाचीही साथ न घेता ट्रम्पेट एकटाच वर चढतो, शिखरावर क्षणभर रेंगाळतो आणि वळणे घेत घेत खाली उतरून साथीदारांच्या स्वाधीन होतो. हा सारा प्रकार पंधरा सेकंदांच्या आत आटोपतो, आणि तरी पुढे जे काही घडावयाचे आहे त्याची सनद तेवढ्यात हाती पडते. अखेरच्या आवर्तनात तोच वादक एकच तार स्वर चार-चार मात्रांचे चार खंड अखंड धरून ठेवतो, तेव्हा ऐकणाऱ्याचा श्वास वादकाच्या आधी संपतो.

ह्या तीन मिनिटांची झळ आमच्या ख्यालगायकांनाही लागली होती, आणि तेथेही ज्याला आपले मुद्दल ठाऊक होते तोच तरला. १९७७ साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ नावाची दोन याने आकाशात सोडली तेव्हा प्रत्येकात सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी ठेवली. तीत गोव्यातील केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी आहे, आणि आर्मस्ट्राँगच्या ‘हॉट सेव्हन’ ताफ्याने १९२७ साली वाजवलेली ‘मेलँकली ब्लूज’ही आहे. दोन्ही मुळात ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या मापाने बेतलेल्या. ह्या दोन कलावंतांना एका पंक्तीस बसविण्याचे श्रेय कोणा समीक्षकाने घेऊ नये. ते त्या अपुऱ्या मुदतीकडे जाते.

ह्या जुन्या तबकड्यांच्या लेबलावर ताफ्याच्या नायकाचे नाव ठळक छापलेले असे. साथीदारांची नावे बहुधा नसतच. ती असली तर कंपनीच्या दप्तरात असत, नाही तर कोणाच्या तरी स्मरणात. पॅरिस येथील शार्ल देलोने ह्या गृहस्थाने १९३६ साली ‘हॉट डिस्कोग्राफी’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून कोणत्या तबकडीवर कोण काय वाजवतो ह्याची नोंद, जमाबंदीच्या वेळी अव्वल कारकुनाने खातेउतारे तयार करावेत तशा चिकाटीने, केली. असल्या उद्योगास वेडेपणा म्हणणारे पुष्कळ भेटतील. परंतु जॅझमध्ये रचना अशी फारशी नसतेच. एखादी बाजारी चाल घ्यावयाची, तिचा सांगाडा तेवढा ठेवावयाचा, आणि त्यावर वादकाने तत्क्षणी जे सुचेल ते बांधावयाचे. कोलमन हॉकिन्सने ऑक्टोबर १९३९ मध्ये ‘बॉडी अँड सोल’ मुद्रित केली तीत मूळ चाल आरंभीच्या काही मात्रांपुरती ओळखू येते, पुढे सारा हॉकिन्सच आहे. त्याचा टेनर सॅक्सोफोन भरदार आणि कंपयुक्त. त्याच काळातील लेस्टर यंगचा तोच वाद्यप्रकार हलका, जवळजवळ निष्कंप, ठेक्याच्या किंचित मागे राहून बोलणारा. वाद्य एक, पण एका स्वरात माणूस ओळखू यावा. जेथे वादकाच्या स्वराची लागणी हीच बंदिश होऊन बसते, तेथे वादकाचे नाव हा तपशिलाचा भाग राहत नाही.

चित्रपटाने ह्या नावांना चेहरे द्यावयाचे होते, आणि आरंभी तसा योग जुळूनही आला. डडली मर्फी ह्या दिग्दर्शकाने १९२९ साली दोन छोटे बोलपट केले. एकात ड्यूक एलिंग्टनचा ताफा आहे आणि दुसऱ्यात, ‘सेंट लुई ब्लूज’मध्ये, बेसी स्मिथ आहे. मद्यगृहाच्या फळीला टेकून, टाकून दिलेल्या बाईच्या भूमिकेत ती गाते, आणि चित्रफितीवर ती आपल्याला एवढीच उपलब्ध आहे. कथानक ओबडधोबड व अभिनय भडक आहे. पण ती गाऊ लागली की टीकाकाराची लेखणी आपोआप खाली येते.

त्यानंतरचा हॉलिवुडचा जमाखर्च तपासू लागले की बाकी वादकांच्या नावे निघते. मेट्रो-गोल्डविन-मेयरच्या संगीतपटांत लीना हॉर्नची गाणी कथानकापासून अशी वेगळी ठेवलेली असत की दक्षिणेकडील राज्यांतील चित्रगृहांना ती बिनबोभाट कापून टाकता यावीत. १९४७ च्या ‘न्यू ऑर्लीन्स’मध्ये बिली हॉलिडेला मोलकरणीची भूमिका मिळाली, तिच्या आयुष्यातील पूर्ण लांबीच्या चित्रपटातील भूमिका ती एवढीच. १९४२ च्या ‘कॅसाब्लांका’तील पियानोवादक सॅम सर्वांच्या परिचयाचा आहे, ती भूमिका करणारा डूली विल्सन गायक होता, व्यवसायाने तबलजीसारखा ड्रमवर बसणारा होता, पण पियानो त्याला येत नव्हता, आणि तो पडद्याआडून दुसऱ्यानेच वाजवला. १९५० च्या ‘यंग मॅन विथ अ हॉर्न’मध्ये ट्रम्पेट कर्क डग्लसच्या ओठी आहे आणि श्वास हॅरी जेम्सचा आहे. पार्श्वगायनावर पोसलेल्या आपणा मंडळींना ह्यात फिर्याद करण्याजोगे काय आहे असे वाटेल. पण आपल्याकडे नटीचा चेहरा व गायिकेचा गळा ह्यांचा तहनामा प्रेक्षकाला ठाऊक असतो, निदान गायिकेच्या नावावर तबकडी खपते. सॅमच्या पियानोमागील माणसाचे नाव किती प्रेक्षकांना ठाऊक आहे?

ह्या रुक्ष हिशेबात १९४४ सालचा दहा मिनिटांचा ‘जॅमिन द ब्लूज’ हा लघुपट अवचित लाभासारखा येतो, आणि ह्या संग्रहात त्याला त्याच्या लांबीच्या मानाने फार मोठी जागा दिलेली आहे. त्याचा दिग्दर्शक ग्यॉन मिली हा व्यवसायाने छायाचित्रकार; नॉर्मन ग्रान्झ ह्या जॅझवेड्या तरुणाने वादक गोळा केले; आणि छायालेखक होता रॉबर्ट बर्क्स, जो पुढे हिचकॉकच्या चित्रपटांमुळे विख्यात झाला. आरंभी काळ्या पार्श्वभूमीवर एकात एक दोन वर्तुळे दिसतात, त्यांवरून धुराची रेघ सरकते, आणि ही कसली भूमितीची आकृती म्हणून आपण पाहत राहतो. तोच वर्तुळ हलते, वर उचलले जाते, आणि कळते की ती चपट्या टोपीची कड होती व तिच्याखाली लेस्टर यंगचा चेहरा होता. तो सॅक्सोफोन ओठाला लावतो, पापण्या जड, सिगरेट अजून बोटांतच. मागे ना नाचघर, ना टेबले, ना टाळ्या देणारे गोरे श्रोते. केवळ अंधार, आणि अंधारात बोटे, गालांचे फुगणे, ड्रमवरच्या काड्यांची पुसट झालेली हालचाल. ध्वनिमुद्रण आधी व चित्रण मागाहून ही हॉलिवुडची रीत येथेही पाळलेली आहे, परंतु ज्याचा स्वर त्याचाच चेहरा, एवढा प्रामाणिकपणा तीत राखलेला आहे. ताफ्यात बार्नी केसेल हा गिटारवादक एकटाच गोरा. त्याला कृष्णवर्णीयांच्या पंक्तीस उघडपणे बसलेला दाखविणे स्टुडिओच्या मालकांना रुचले नाही, म्हणून त्याला सावलीत ठेवण्यात आले, आणि जवळून घेतलेल्या दृश्यांसाठी त्याच्या हातांना बेरीच्या रसाचा रंग दिला गेला, असे ह्या चित्रणाच्या हकिकतीत सांगितलेले आढळते. जॉल्सनने काजळी फासली ती सोंगासाठी. ह्या बिचाऱ्याला ती फासावी लागली ती आपल्या मित्रांशेजारी बसण्याची परवानगी मिळावी म्हणून.

१९५० नंतर जॅझला पार्श्वसंगीतात बढती मिळाली, पण ती एका अटीवर. ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ला १९५१ साली ॲलेक्स नॉर्थने जॅझच्या वळणाचे संगीत दिले, १९५५ च्या ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’मध्ये एल्मर बर्नस्टाइनने तेच हत्यार हेरॉइनच्या व्यसनात सापडलेल्या, ड्रमवादक होऊ पाहणाऱ्या माणसाच्या कथेसाठी उपसले. दोन्ही कामे समर्थ आहेत. परंतु सॅक्सोफोन वाजला की आता कोणी तरी घसरणार, ही खूणगाठ ह्यानंतर प्रेक्षकाच्या मनात पक्की झाली, आणि एका संपूर्ण संगीतपरंपरेस चारित्र्याचा वाईट दाखला मिळाला. तो रद्द करण्याचे काम एलिंग्टनने केले. १९५९ च्या ‘ॲनाटॉमी ऑफ अ मर्डर’ला त्याने बिली स्ट्रेहॉर्नच्या साहाय्याने संगीत दिले, ती मिशिगनच्या उत्तर टोकाच्या एका गावातील खुनाच्या खटल्याची कथा आहे, आणि तीतला वकील फावल्या वेळी मासे पकडतो व पियानो वाजवतो. एलिंग्टनचे संगीत येथे पापाची वर्दी देत नाही. ते साक्षीपुराव्यांच्या रुक्ष कामकाजाशेजारी आपल्या चालीने चालते, कधी मिस्कीलपणे वकिलाच्या बाजूला झुकते, आणि खरे काय घडले ह्याविषयी पंचांइतकेच साशंक राहते.

आता ज्या प्रकरणासाठी बहुतेक वाचक हा संग्रह उघडतील त्याकडे वळतो. लुई माल हा फ्रेंच दिग्दर्शक पंचविशीत होता. त्याच्या ‘आसाँसर पूर लेशाफो’ ह्या चित्रपटात खून करून परतणारा नायक लिफ्टमध्ये अडकतो, आणि त्याची वाट पाहणारी प्रेयसी, झान मोरो, रात्रभर पॅरिसच्या रस्त्यांवरून त्याला शोधीत फिरते. छायालेखक आँरी दके ह्याने शाँजेलिझेवरील ते फिरणे दुकानांच्या काचांतून येणाऱ्या उजेडात, मुलांच्या ढकलगाडीत कॅमेरा ठेवून टिपले. ४ डिसेंबर १९५७ च्या रात्री अमेरिकन ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस, ड्रमवादक केनी क्लार्क आणि तिघे युरोपीय साथीदार, बार्नी विलें, रने उर्त्रेजे व पिएर मिशेलो, पॅरिसच्या एका स्टुडिओत जमले. लिहिलेले संगीत नव्हते. दोन-तीन स्वरसंगतींचा आराखडा तेवढा होता. पडद्यावर चित्रपटातील तुकडे पुन्हा पुन्हा फिरविण्यात येत होते, आणि त्यांच्याकडे पाहत पाहत हे पाचजण वाजवीत होते. पहाट होण्यापूर्वी काम पुरे झाले. फ्रेंच लेखक बोरिस व्हियाँ ह्याने लिहून ठेवले आहे की एका तुकड्याच्या वेळी माइल्सच्या ओठाची साल सुटून वाद्याच्या मुखात अडकली, आणि त्यामुळे स्वर विचित्र घोगरा उमटला. तो तसाच ठेवण्यात आला.

संपूर्ण चित्रपटात हे संगीत वीस मिनिटांहूनही कमी आहे. पण ज्यास चित्रपट व जॅझ ह्यांचा खरा संबंध समजून घ्यावयाचा आहे त्याने मोरोचे ते चालणे आधी आवाज बंद करून पाहावे, आणि मग आवाजासह. आवाजाविना ती एक रुसलेली सुंदर बाई आहे. ट्रम्पेट सुरू होताच तिच्या प्रत्येक पावलामागचा हिशेब कळू लागतो, कारण वाजविणारा तिच्याकडे पाहतो आहे, तिच्या पुढच्या पावलाची त्यालाही खात्री नाही, आणि तिच्याइतकाच तोही थबकतो. पडद्यावर माइल्सचा चेहरा क्षणभरही दिसत नाही, तरी वाजवतो आहे कोण हा प्रश्न येथे पडत नाही. तबकडीच्या रसिकांस आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. मूळ तबकडीवरील तो दूरवरून येणारा, घुमणारा स्वर मागाहून प्रतिध्वनी मिसळून सिद्ध केलेला आहे. त्या रात्रीचे कोरडे मुद्रण पुढे प्रसिद्ध झाले, आणि त्यात हाच वादक जवळ, जवळजवळ खोलीतच उभा असल्याचा भास होतो. मला कोरडे मुद्रण अधिक प्रिय आहे; चित्रपटाला मात्र ओलेच शोभते. दीड वर्षाच्या आत, १९५९ च्या मार्च-एप्रिलमध्ये, न्यूयॉर्क येथे ‘काइंड ऑफ ब्लू’ मुद्रित झाली. थोड्या स्वरसंगती व भरपूर मोकळी जागा ही तिची रीत माइल्सने पॅरिसच्या त्या रात्री पडद्याकडे पाहताना अजमावून घेतली होती, असे माझे मत आहे.

मुंबईचा उल्लेख येथे केवळ अभिमानापोटी येत नाही. १९३५ साली लिऑन ॲबी ह्या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा ताफा ताजमहाल हॉटेलात आला, आणि गोव्यातील चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकून आलेल्या तरुणांनी ते संगीत प्रत्यक्ष ऐकून आत्मसात केले. पुढे दारूबंदी आली, नाचघरांची रया गेली, आणि हे वादक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळले. आल्दोना गावचा आंतोनियो शाव्हियर व्हाझ हा ‘चिक चॉकलेट’ ह्या नावाने ट्रम्पेट वाजवी. १९५१ च्या ‘अलबेला’त तो आपल्या ताफ्यासह पडद्यावर दिसतो. त्या चित्रपटाचे संगीतकार सी. रामचंद्र म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, आणि नायक-दिग्दर्शक भगवान आबाजी पालव. दोन मराठी माणसे व एक गोवेकर मिळून न्यू ऑर्लीन्सच्या ठेक्यावर गिरगावातल्या पिटातल्या प्रेक्षकांना नाचवीत होते, हे दृश्य आमच्या सांस्कृतिक इतिहासकारांच्या नजरेतून कसे सुटले कोण जाणे. परंतु चिकचे दिसणे हा अपवाद. सेबास्टियन डिसूझांसारख्या वाद्यवृंदरचनाकारांनी शंकर-जयकिशन व ओ. पी. नय्यर यांच्या चालींना जो भरजरी पोशाख चढविला त्याची दखल प्रेक्षकाने घेतली नाही, आणि साध्या वादकांची नावे तर श्रेयनामावलीत आलीच नाहीत. सॅक्सोफोन खलनायकाच्या अड्ड्यावर वाजावा हा हॉलिवुडचा हुकूमही आपण विनातक्रार अमलात आणला.

उत्तरकाळातील दोन चित्रपटांवर संग्रहाचा शेवट होतो. बेर्त्राँ ताव्हेर्निये ह्याच्या १९८६ च्या ‘राउंड मिडनाइट’मध्ये थकलेल्या वादकाची भूमिका डेक्स्टर गॉर्डन ह्या खऱ्या सॅक्सोफोनवादकाने केली, आणि संगीत चित्रणाच्या वेळीच, कॅमेऱ्यासमोर, मुद्रित झाले, गॉर्डन दोन वाक्यांच्या मध्ये थांबतो ते ऐकले की अभिनय व वादन ह्यांत भेद करावासा वाटत नाही. क्लिंट ईस्टवुडने १९८८ च्या ‘बर्ड’मध्ये चार्ली पार्करच्या जुन्या मुद्रणांतून त्याचा सॅक्सोफोन तेवढा निवडून घेतला व त्याभोवती नव्या वादकांची साथ बसवली. हेतू आदराचा होता. परिणाम मात्र मला खटकतो, कारण पार्कर ज्यांना उद्देशून वाजवीत होता ते साथीदारच तेथून उठवून लावलेले आहेत. १९५८ च्या न्यूपोर्ट महोत्सवावरील ‘जॅझ ऑन अ समर्स डे’विषयी येथे लेख नाही, दृश्ये देखणी आहेत, पण थेलोनिअस मंक पियानोवर असताना ज्या चित्रपटाला नौकांच्या शर्यतीचे समालोचन ऐकवावेसे वाटते, त्याच्याशी माझे जमत नाही.

लेखांचा क्रम कालानुसार आहे, तो वाचकाने पाळलाच पाहिजे असे नाही. ज्याने जॅझ कधीच ऐकलेले नाही त्याने ‘वेस्ट एंड ब्लूज’ लागोपाठ तीनदा ऐकून मग पहिल्या लेखाकडे यावे. ज्याला तेवढीही सवड नाही, त्याने ‘जॅमिन द ब्लूज’ पाहावा आणि पुस्तक मित्राला देऊन टाकावे.